डाव्या हातानं बांधलेली माशी

आमच्या घरी दोन चुली होत्या. एक आत, आईची. आणि एक मागच्या अंगणात, बोरीखाली, मोठेबाबांची. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे तिच्या चुलीवर मासा चढत नसे. मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावांना, आठवड्यातून दोनदा तरी मासा लागे. मग ते मागच्या चुलीत तुराट्या पेटवायचे, निखाऱ्यावर कांदा आणि खोबऱ्याची वाटी काळी होईस्तोवर भाजायचे, पाट्यावर खसखशीसोबत वाटायचे, आणि रस्सा उकळू लागला की साऱ्या गल्लीला कळायचं. आई पदर नाकाला लावून मागच्या दारात उभी राहायची, पण आत काही जायची नाही. भासऱ्यांशी थेट बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून मला मध्ये घालायची. "शांते, मोठेबाबाले सांग, तिखट बेतानं टाका म्हना. तुले ठसका लागते." मोठेबाबा तिथंच, दहा पावलांवर बसलेले असायचे. "सांग तुह्या मायले," ते म्हणायचे, "बेतानंच टाकलं." आणि आणखी एक चिमूट टाकायचे.

मोठेबाबांची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली. त्यानंतर त्यांनी गाव सोडलं आणि डोंगराकडे एका जंगलसाहेबाचे अर्दली म्हणून कितीतरी वर्षं काढली. साहेब त्याच्या देशी निघून गेला तेव्हा मोठेबाबा एक पत्र्याची पेटी घेऊन गावी परतले. त्या पेटीत बारीक गळ होते, रेशमाच्या लडी होत्या, मेणाचा गोळा होता, आणि कागदाच्या पुड्यांतून बांधलेली पिसं होती: मोराची, बदकाची, कोंबड्याच्या मानेची. गळाला गांडूळ लावायचं नाही. त्याच्यावर रेशीम आणि पीस असं गुंडाळायचं की पाण्यातल्या माशाला वाटावं, वर माशीच येऊन पडली. ही विद्या त्या साहेबानं त्यांना दिली होती. मोठेबाबा त्याला 'माशी बांधणं' म्हणत. नदीवरचे ढिवर जाळी टाकता टाकता हसायचे, "मोठे मालक पिसानं मासे धरून राह्यले." पण वर्धा नदीला खडकांमधून जिथं धार लागते तिथं चैत्रात पाणी निवळलं की मोठेबाबांची माशी पाण्यावर अलगद उतरायची, आणि खालून चांदीसारखं काहीतरी उसळून यायचं. तेव्हा ते ढिवरही जाळं हातात धरून बघत राहायचे.

दुपारी जेवणं झाली की ते ओसरीवर बसत. सुतारानं करून दिलेला एक लाकडी चिमटा होता, त्यात गळ अडकवायचा. मी समोर बसून रेशमाची लड धरायची. त्यांची बोटं जाड, शेतकऱ्याची, नखं फुटलेली. पण उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं रेशीम धरून गळाभोवती फिरू लागली की बाईमाणसाच्या बोटांसारखी नाजूक होत. त्यांच्या तोंडातून एक बारीक आवाज निघायचा, गुणगुणणं नव्हे आणि शीळही नव्हे. कोंबड्याच्या मानेची पिसं सुदाम आणून द्यायचा.

सुदाम आमचा सालगडी. उंच, वाळका, बैलांशी सतत बोलणारा. गावाबाहेरच्या वस्तीत त्याचं घर होतं. त्याच्या चहाची कानतुटकी कपबशी आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली असे, आणि आई त्यात वरूनच चहा ओतायची. हे मी रोज पाहत होते. आज मला नवल वाटतं ते एवढंच की रोज पाहूनही मला ते कधी दिसलं नव्हतं. सुदामची मुलगी यमुना माझ्याच वर्गात, चौथीत होती. ती दाराशी, वेगळ्या तरटावर बसायची.

आता जे सांगायचं ते मी आयुष्यात फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच.

ज्वारी कापून झाली होती आणि गोठ्यात कडब्याचा ढीग लागला होता. कडबा कापायचं हातचाकाचं यंत्र त्याच वर्षी आलं होतं. एकानं कडबा सारायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. चाकाला पाती बसवलेली. रोज चाकावर सुदाम असे. त्या दिवशी तो बैलांसाठी पाणी काढायला विहिरीवर गेला आणि मी मोठेबाबांच्या मागे लागले, "मी फिरवतो ना, मोठेबाबा, मी फिरवतो." चाक जड होतं, पण एकदा वेग धरला की आपोआप चाले. सुदाम एका दमात शंभर फेरे मारतो म्हणून मी ऐकलं होतं. मी मनात ठरवलं, आपण पन्नास मारायचे. खर्र-खटक, खर्र-खटक असा आवाज होत होता, भुसा उडत होता, घशात कडब्याचा गोड वास भरला होता. एकोणपन्नासाला कडब्याचं एक जाड धांडं तोंडाशी अडकलं. मोठेबाबा म्हणाले, "थांब, शांते." आणि ते काढायला त्यांनी हात घातला.

मी ऐकलं होतं. लोक अशा वेळी म्हणतात, ऐकूच आलं नाही, कळलंच नाही. मला ऐकू आलं होतं. मला फक्त पन्नास करायचे होते.

मोठेबाबा ओरडले नाहीत. ते नुसते खाली बसले आणि आपल्या हाताकडे बघू लागले. ओरडले मीच. विहिरीवरून सुदाम बादली टाकून धावत आला. त्यानं आपल्या धोतराची पट्टी फाडून हात करकचून बांधला, मोठेबाबांना लहान मुलासारखं उचललं, बंडीत घातलं आणि बैल पळवले. बाबा वावरातून धावत येऊन वाटेत चढले. निघतानाच आईनं सुदामच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता, आमच्या घरातला, आणि तो मोठेबाबांच्या तोंडाला लावत सुदाम गेला. त्या घटकेला विटाळ कोणालाच आठवला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं आठवलं.

बाबा वर्ध्याच्या दवाखान्यातून परतले ते डोळे तांबारलेले घेऊन. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याजवळची दोन बोटं गेली होती. ओसरीवर शेजारपाजारचे चार-सहा जण जमले होते. सुदाम अंगणात उभा होता. त्याच्या सदऱ्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं.

"चाकावर तू होता ना?" बाबांनी विचारलं.

"नाई, मालक. मी विहिरीवर होतो."

"मंग चाक काय आपल्या मनानं फिरलं?"

बाबा माझ्याकडे वळले. "शांते, सुदाम होता ना चाकावर?"

असा प्रश्न, की त्यातच उत्तर दिलेलं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. "हो," मी म्हणाले.

सुदामनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग होता असं मला म्हणता येत नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तो जायला वळला. त्याचं साल पाडव्याला संपायचं होतं. बाबांनी त्याला त्याच दिवशी काढलं. मालकाचा हात तोडणारा गडी म्हणून गावात दुसऱ्या कोणी त्याला उभं केलं नाही. आठ-दहा दिवसांत तो, त्याची बायको कौसाबाई आणि यमुना गाव सोडून गेली. जामच्या फाट्याकडे सडकेचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला. शाळेत मास्तरांनी हजेरीत यमुनाचं नाव घेतलं. कोणीतरी म्हणालं, "जामले गेली." मास्तरांनी नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. ती रेघ मारतानाचा टाकाचा आवाज मी पहिल्या बाकावरून ऐकला.

मोठेबाबा महिन्याभरानं घरी आले. बंडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "सुदाम कुठं हाय?" बाबांनी सांगितलं. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या मागे होते. ते हळूच म्हणाले, "सुदाम नव्हता चाकावर. मीच एका हातानं फिरवत होतो, दुसऱ्यानं सारत होतो. चूक माही हाय."

"पन दादा, शांता तं म्हने..."

"भेली असन पोरगी. लेकराले काय विचारतं तू?"

बाबा ओशाळले. पण सुदामला बोलावणं धाडायचं त्यांच्या जिवावर आलं. गड्यापाशी चुकलो म्हणून कसं म्हणायचं? "आता गेला तो," ते म्हणाले. मोठेबाबांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर दोनदा निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. माझ्यासाठी ते खोटं बोलले. सत्तर वर्षांत मला सगळ्यात जड झालं असेल तर ते हे. माझं खोटं मी एकदा बोलले. त्यांनी ते खोटं आपल्या अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत उतरवलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. चूल थंड होती. "म्या तुह्यं नाव घेतलं नाई," ते म्हणाले. "घेनारही नाई. पन सुदामले तू सांगजो. तुह्या तोंडानं. जवा जमन तवा." मी मान हलवली. ते पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत आणि मी ते रोज उद्यावर टाकत गेले.

मग त्यांनी पेटी काढली. डाव्या हातानं माशी बांधायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी चिमट्यात गळ बसवायलाच सारी दुपार गेली. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं गळ दाबून धरत, पण डावा हात रेशीम गुंडाळू लागला की रेशीम घसरून लोळागोळा होई. ते सोडायचे, पुन्हा सुरू करायचे. पीस कुस्करून जायचं. तो बारीक आवाज आता त्यांच्या तोंडून येत नव्हता. एक दिवस त्यांनी चिमटा अंगणात भिरकावला आणि मग स्वतःच उठून उचलून आणला. "मी बांधून देऊ?" मी विचारलं. "नाई," ते म्हणाले. "तुही माशी माह्या काय कामाची?"

तेव्हा मी एक केलं. कापूस अजून विकला गेला नव्हता. मधली खोली छतापर्यंत पांढऱ्या ढिगानं भरली होती. तिथं दुपारी कोणी येत नसे, आणि आवाजही बाहेर जात नसे. मी पेटीतून दोन गळ, थोडं रेशीम आणि पिसं उचलली, माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं चिंधीनं तळहाताशी घट्ट बांधून घेतली, आणि कापसात बसून डाव्या हातानं माशी बांधू लागले. मला पाहायचं होतं, अशा हातानं हे होतं तरी का. होत नव्हतं. डावा हात माझाच असून परक्यासारखा वागायचा. उजवीकडे ने म्हटलं की डावीकडे जायचा. गळ बोटांत रुतायचा. रक्ताचा थेंब कापसावर पडला की मी तेवढा कापूस काढून पोलक्यात लपवायची. बांधलेली बोटं बधिर होत, मग त्यांत मुंग्या येत, मग ती दुखत. ती दुखली की मला बरं वाटायचं. हे बरं वाटणं मला तेव्हाही चांगलं वाटलं नव्हतं.

वीसेक दिवसांनी मला दोन गोष्टी कळल्या. एक, गळ चिमट्यात उलट्या तोंडानं बसवायचा आणि रेशीमही उलट्या बाजूनं फिरवायचं. उजव्या हाताची सवय डाव्याला शिकवत बसायचं नाही, त्याला आपल्या वाटेनं जाऊ द्यायचं. दुसरं, पीस घेताना रेशीम ढिलं पडतं, म्हणून त्याच्या टोकाला लोखंडाचं एक लहानसं नट बांधून लोंबतं सोडायचं. त्याच्या वजनानं रेशीम ताठ राहतं आणि हात मोकळा होतो. पहिली माशी झाली तेव्हा ती चिरडलेल्या झुरळासारखी दिसत होती. तिसरी जरा बरी झाली. ती मी डोळ्यांपुढे धरून पाहत होते, तेवढ्यात दारात मोठेबाबा उभे दिसले.

ते आत आले, कापसात गुडघे टेकून बसले. माझा बांधलेला हात त्यांनी आपल्या दोन बोटांच्या हातात घेतला. मग दातांनी चिंधीची गाठ सोडली.

"माही गेली," ते म्हणाले, "तं तू काऊन आपली बांधून राह्यली?"

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "दाखव, कसं केलं ते." मी समोर बसून डाव्या हातानं दाखवलं. आरशात पाहावं तसं ते उजवी-डावी जुळवत शिकले. मला वीस दिवस लागले होते. त्यांना आठ लागले. हात नवा होता, पण डोळा जुना होता.

चैत्रात आम्ही नदीवर गेलो. डाव्या हातानं बांधलेली माशी त्यांनी डाव्याच हातानं धारेत टाकली. दोनदा ती खडकाला अडकली. तिसऱ्यांदा पाणी फुटलं आणि वीतभर मासा वर आला. पलीकडून ढिवरांनी आरोळी दिली. गावभर झालं, शांतानं आपल्या मोठेबाबाला हात दिला. आई मला जवळ घेऊन म्हणाली, "गुनाची माही पोर." बाबांनी पाहुण्यांसमोर सांगितलं. जो तो माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं लाजते. त्या दिवशी मागच्या चुलीवर रस्सा झाला. मी पहिला घास तोंडात घेतला आणि मोठेबाबा हळूच म्हणाले, "माह्या हाताचं झालं, शांते. सुदामचं काय?"



परीक्षा झाल्यावर आम्ही दोघं देवळीला गेलो, तिथून मोटरी बदलत जामला. घरी मोठेबाबांनी हात दाखवायला जातो म्हणून सांगितलं. वैशाखाचं ऊन होतं. सडकेच्या कडेला दगडांचे ढीग होते आणि एकेका ढिगापाशी चार काड्यांवर पोतं टाकून केलेल्या सावलीत माणसं बसली होती. ठक, ठक, ठक, दूरपर्यंत तोच एक आवाज. सुदामनं आम्हांला आधी ओळखलं. उठून आला.

"या, मोठे मालक. हात कसा हाय?" त्यानं तो हात घेऊन उलटासुलटा पाहिला. "भरला चांगला."

मोठेबाबांनी माझ्या पाठीला हात लावला. मी वाटेत सारं पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "चाकावर मी होती," मी म्हणाले. "बाबाले खोटं सांगतलं."

"मालूम हाय, बाई," सुदाम म्हणाला. "विहिरीवरून गोठा दिसते."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?" मोठेबाबांचा आवाज चढला.

"काय सांगतलं असतं? मालकाची पोरगी खोटं बोलते म्हून? मी विहिरीवर होतो एवढं सांगतलं, तेच कोनं आयकलं?"

मोठेबाबा म्हणाले, "चाल वापस. लहान्या भावाले मी सांगतो."

सुदामनं मान हलवली. "नाई, मालक. इथला मुकादम वरडते, पन साऱ्याइवर वरडते. आन पानी एकाच रांजनातलं पेतो सारे."

कौसाबाई उठली नव्हती. हातोडा थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "बोलली, बरं केलं," ती म्हणाली. "तुह्यं हलकं झालं असन आता. आमचं काय हलकं झालं, तूच सांग." पुढं चार-पाच वर्षांनी ऐकलं की सुदाम दीक्षा घेऊन नागपूरलाच राहिला. मी लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा पुष्कळ विचारपूस केली, पण पत्ता कोणाला नव्हता. मोठेबाबा तोवर गेले होते.

परतीच्या मोटरीला वेळ होता. मोठेबाबा सुदामजवळ बसले. मी कुठं उभं राहावं ते मला कळेना. यमुना जरा पलीकडे होती. सुंभाच्या कड्यात दगड धरायचा आणि हातोडा मारायचा, असं ती करत होती. तिच्या केसांवर दगडाची धूळ बसून ते म्हातारीसारखे झाले होते. मी जवळ गेले तरी तिनं वर पाहिलं नाही.

"परीक्षा झाली काय वं?" तिनं विचारलं.

"झाली."

"गनितात काय आलतं?"

मी आठवून आठवून सांगू लागले. ती एकेक उत्तर देत होती, हातोडा न थांबवता. भागाकार सांगितला, तिनं मनातल्या मनात केला. अपूर्णांक सांगितले, ते केले. मग मी म्हणाले, "एक काम आठ मानसं बारा दिवसांत करतेत, तं सहा मानसं किती दिवसांत करतीन?"

"सोळा," ती म्हणाली.

मी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "तू काय लेहलं?"

"नऊ."

यमुनानं कड्यात नवा दगड धरला. "मानसं कमी झाले तं दिवस वाढतेत," ती म्हणाली. "नऊ कसे होतीन?"